आपल्याच सरकारविरुद्ध दाद कुठे मागायची? मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी १० डिसेंबरच्या आसपास मला कुठल्या तरी कॉलेजात किंवा वाचनालयात मानवी हक्कांवर बोलायला बोलावतात. बोलणं आटोपलं की प्रश्न येतात आणि चहा गार होईपर्यंत चालू राहतात. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे मी रेंगाळले आहे.

मानवी हक्कांचं आंतरराष्ट्रीय संरक्षण नेमकं कधी सुरू झालं?

तारीखच हवी असेल तर १० डिसेंबर १९४८. त्या रात्री पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा मंजूर केला. पण तारखेपेक्षा त्यामागचा प्रश्न जुना आहे. शेजाऱ्याने मारलं तर पोलिसांत जाता येतं. पोलिसांनी मारलं तर कोर्टात जाता येतं. पण कायदा, पोलीस आणि कोर्ट या तिन्ही गोष्टी ज्या सरकारच्या मुठीत आहेत तेच जिवावर उठलं, तर माणसाने दाद मागायची कुणाकडे? दुसऱ्या महायुद्धापर्यंत या प्रश्नाचं जवळजवळ सर्वमान्य उत्तर होतं: कुणाकडेही नाही. सरकारने आपल्या प्रजेशी कसं वागावं हा त्या सरकारचा घरगुती मामला समजला जायचा. ही समजूत मोडायला सहा कोटींच्या आसपास माणसं मरावी लागली.

म्हणजे त्याआधी काहीच नव्हतं?

थोडंफार होतं, तुकड्यातुकड्यांनी. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड, रुमानिया वगैरे देशांकडून अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे करार लिहून घेतले गेले आणि त्यांवर देखरेख लीग ऑफ नेशन्सकडे, म्हणजे आपण ज्याला राष्ट्रसंघ म्हणतो त्याच्याकडे सोपवली. जिंकलेल्या बड्या राष्ट्रांनी मात्र स्वतःसाठी असं काही लिहून दिलं नाही. १९१९ च्या पॅरिस परिषदेत जपानने वांशिक समानतेचं कलम सुचवलं. बहुमत त्याच्या बाजूने होतं, पण अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी एकमत नसल्याचं कारण देऊन ते बाजूला सारलं.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. तिच्या वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले नारायण मल्हार जोशी गेले होते, मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे ना. म. जोशी. परळ-लोअर परळ भागातल्या त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून रोज हजारो माणसं जातात. कामाचे तास हा जगाच्या चर्चेचा विषय होऊ शकतो, हे त्या परिषदेने पहिल्यांदा मान्य केलं.

राष्ट्रसंघाकडे कुणी सामान्य माणूस कधी दाद मागायला गेला होता का?

गेला होता. हा किस्सा मी प्रत्येक वेळी सांगते.

फ्रान्झ बर्नहाइम नावाचा एक ज्यू माणूस अप्पर सायलेशियातल्या ग्लायविट्झ गावी एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नोकरीला होता. हिटलर सत्तेवर येऊन तीन महिने झाले होते. ३० एप्रिल १९३३ ला बर्नहाइमला कामावरून काढलं. कारण एकच, सगळ्या ज्यू नोकरांना काढायचं होतं. अशी हजारो माणसं त्या वर्षी जर्मनीत घरी बसली आणि त्यांना जाब विचारायला जागा नव्हती. पण अप्पर सायलेशियाची गोष्ट वेगळी होती. हा प्रदेश वाटून घेताना जर्मनी आणि पोलंडने १९२२ मध्ये करार केला होता आणि तिथल्या अल्पसंख्याक माणसाला थेट राष्ट्रसंघाकडे अर्ज करण्याची त्यात मुभा होती. बर्नहाइम प्राग शहरात पोचला आणि तिथून १२ मे १९३३ चा अर्ज जिनिव्हाला धाडला.

आणि चमत्कार वाटावा अशी गोष्ट घडली. राष्ट्रसंघाच्या मंडळात अर्जावर चर्चा झाली. खालच्या अधिकाऱ्यांकडून चूक झाली, अशी मखलाशी करत जर्मनीला माघार घ्यावी लागली. त्या एका पट्ट्यात ज्यूविरोधी कायदे पुढची चार वर्षं रोखले गेले. १५ जुलै १९३७ ला कराराची मुदत संपली आणि ते तिथेही लागू झाले.

एका दुकानातल्या नोकराच्या अर्जाने हिटलरचं सरकार एका कोपऱ्यात का होईना थांबलं. बाकी जर्मनीतल्या ज्यूंच्या हातात असा करार नव्हता. दार असलं तर काय होतं आणि नसलं तर काय होतं, हे एकाच देशात, एकाच वर्षात दिसलं. म्हणूनच 'जाहीरनाम्याने काय होतंय?' असं कुणी म्हटलं की मला आधी ग्लायविट्झ आठवतं.

युद्ध चालू असतानाच 'मानवी हक्क' हे शब्द कुठून आले?

जानेवारी १९४१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी चार स्वातंत्र्यांचं भाषण केलं: बोलण्याचं, उपासनेचं, गरिबीपासून मुक्तीचं आणि भीतीपासून मुक्तीचं. ऑगस्टमध्ये त्यांनी आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद काढली. आपलं सरकार आपण निवडण्याचा सर्व लोकांचा हक्क त्यात होता. आपल्याकडे साहजिकच लोकांनी कान टवकारले. पण सप्टेंबर १९४१ मध्ये चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये खुलासा केला की आमच्या डोळ्यांसमोर नाझींच्या टाचेखालचा युरोप होता, हिंदुस्थानची गोष्ट निराळी. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत, ८ ऑगस्ट १९४२ ला, मुंबईच्या गोवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला.

मधल्या काळात, १ जानेवारी १९४२ ला, सव्वीस देशांनी संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा काढला. आपल्या आणि इतरांच्या देशात मानवी हक्क टिकवण्यासाठी आम्ही लढतो आहोत, असं त्यात म्हटलं होतं. सही करणाऱ्यांत ब्रिटिशांच्या अमलाखालचा हिंदुस्थानही होता. ज्या देशाचे नेते वर्ष संपायच्या आत तुरुंगात जाणार होते, त्या देशाचं नाव मानवी हक्कांच्या कागदावर!

युनोच्या सनदेत हे हक्क कुणी घातले? बड्या राष्ट्रांनीच ना?

बड्या राष्ट्रांना त्यात फार रस नव्हता. १९४४ मध्ये डंबार्टन ओक्स इथे त्यांनी युनोचा जो आराखडा केला, त्यात मानवी हक्कांचा जेमतेम एका ठिकाणी उल्लेख होता. एप्रिल ते जून १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला परिषद भरली तेव्हा लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी आणि अमेरिकन सरकारने सल्लागार म्हणून बोलावलेल्या नागरी संघटनांनी रेटा लावला. ब्राझीलच्या बर्था लुट्झ आणि डॉमिनिकन रिपब्लिकच्या मिनर्व्हा बर्नार्डिनो यांनी स्त्री-पुरुष समानतेचे शब्द हट्टाने आत आणले. सनदेवर सही करणाऱ्या स्त्रिया सगळ्या मिळून चारच होत्या. मानवी हक्कांसाठी एक आयोग नेमायचा, हेही तिथेच ठरलं.

मात्र त्याच सनदेत कलम २, पोटकलम ७ आलं: कुठल्याही देशाच्या अंतर्गत बाबींत युनोने ढवळाढवळ करायची नाही. एका हाताने दार बसवलं आणि दुसऱ्या हाताने कडी. पुढच्या पाऊणशे वर्षांतली बहुतेक भांडणं या कडीवरूनच झाली आहेत.

न्यूरेंबर्गच्या खटल्याचा याच्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ या काळात चाललेल्या या खटल्यात पहिल्यांदा राज्यकर्त्यांना व्यक्ती म्हणून पिंजऱ्यात उभं केलं गेलं. 'मी फक्त हुकूम पाळला' हा बचाव मानला गेला नाही. 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' हा आरोपाचा एक प्रकार होता. म्हणजे सरकारने स्वतःच्या नागरिकांचा छळ केला तरी तो जगाविरुद्धचा गुन्हा होऊ शकतो. बाराजणांना फाशीची शिक्षा झाली, तीन सुटले.

'मानवतेविरुद्धचे गुन्हे' या शब्दामागे हर्श लाउटरपाख्ट हे कायदेपंडित होते, आणि 'जेनोसाइड' म्हणजे वंशसंहार या शब्दामागे राफाएल लेमकिन. दोघेही ल्वुव या एकाच शहरात कायदा शिकलेले आणि दोघांच्याही घरची माणसं नाझींनी मारलेली. लेमकिन यांच्या आप्तांपैकी ४९ जण गेले. वंशसंहारविरोधी करार ९ डिसेंबर १९४८ ला मंजूर झाला, म्हणजे जाहीरनाम्याच्या आदल्या दिवशी.

टोकियोलाही असाच खटला चालला. तिथले भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारं एकमेव निकालपत्र लिहिलं. जेत्यांनी हरलेल्यांचा न्याय करायचा आणि स्वतःकडे पाहायचं नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही, पण आक्षेपाला आजही सहज उत्तर देता येत नाही.

जाहीरनामा लिहिला कुणी?

एका माणसाने नाही. अठरा देशांचा आयोग जानेवारी १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लेक सक्सेस इथे बसला. अध्यक्ष होत्या एलेनॉर रूझवेल्ट, उपाध्यक्ष चीनचे पी. सी. चांग आणि कामकाजाचा अहवाल लिहिणारे लेबनॉनचे चार्ल्स मलिक. पहिला कच्चा मसुदा कॅनडाचे जॉन हम्फ्री यांनी जगभरच्या राज्यघटना चाळून तयार केला. फ्रान्सचे रने कासँ यांनी त्याला घाट दिला. चिलीचे हेर्नान सांता क्रूझ यांनी अन्न, काम, शिक्षण यांचे हक्क आत आणण्यासाठी जोर लावला. चांग कन्फ्यूशियसचे दाखले द्यायचे, मलिक तत्त्वज्ञानात शिरायचे, आणि एलेनॉरबाई 'आता पुढच्या कलमाकडे वळू' म्हणत सगळ्यांना पुढे रेटायच्या. आणि भारतातर्फे होत्या हंसा मेहता.

हंसा मेहता कोण? त्यांनी नेमकं काय केलं?

जन्म १८९७, सुरतेचा. पण कर्तृत्वाचा मोठा काळ मुंबईचा. सविनय कायदेभंगात त्या तुरुंगात गेल्या, १९३७ मध्ये मुंबईच्या विधान परिषदेवर निवडून आल्या आणि १९४६ मध्ये एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्यांचे पती डॉ. जीवराज मेहता केईएम रुग्णालयाचे अधिष्ठाता होते. अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष असताना हंसाबाईंच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांच्या हक्कांची आणि कर्तव्यांची सनद तयार झाली होती. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतातल्या स्त्रियांतर्फे घटना समितीला राष्ट्रध्वज अर्पण केला तोही त्यांनीच.

मसुद्याच्या पहिल्या कलमात 'ऑल मेन' असे शब्द होते. इंग्रजीत 'मेन'मध्ये बायकाही येतात, असं तेव्हा सर्रास मानलं जायचं आणि एलेनॉर रूझवेल्ट यांनाही त्यात वावगं वाटत नव्हतं. हंसाबाईंनी आक्षेप घेतला: उद्या एखादा देश या शब्दावर बोट ठेवून म्हणेल की हे हक्क पुरुषांचेच आहेत. युनोच्या स्त्रियांविषयीच्या आयोगानेही हाच आग्रह धरला. शेवटी १९४८ मध्ये शब्द बदलून 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' झाले.

मराठीत या वाक्याची गंमत आहे. अनुवादात ते 'सर्व मानवी व्यक्ती जन्मतः स्वतंत्र आहेत' असं येतं. 'व्यक्ती' आपल्याकडे स्त्रीलिंगी! वर्गात मी हे वाक्य फळ्यावर लिहिते आणि मुलींना मोठ्याने वाचायला सांगते. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "म्हणजे बाई, इथे पुरुषसुद्धा 'ती'?" वर्ग हसला. मग तिने ते वाक्य पुन्हा एकदा, सावकाश वाचलं.

पण मला हंसाबाईंचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं आणि ते फारसं कुणी सांगत नाही. आयोग स्थापन झाला तसा जगभरातून त्याच्याकडे तक्रारींच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. माणसांना वाटलं, अखेर दार उघडलं. आणि पहिल्याच बैठकीत आयोगाने ठरवून टाकलं की तक्रारींवर काहीही कारवाई करण्याचा आपल्याला अधिकार नाही! हंसाबाई सुरुवातीपासून म्हणत होत्या की अंमलबजावणीची सोय नसेल तर हक्कांच्या यादीला अर्थ नाही. डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हाला अंमलबजावणीचा विचार करायला जो गट नेमला, त्याच्या अध्यक्ष त्याच होत्या. बड्या राष्ट्रांना दात असलेली व्यवस्था नको होती. अमेरिकेला आपल्या दक्षिणेतल्या वर्णभेदाची चौकशी नको होती, ब्रिटनला वसाहतींची आणि सोव्हिएत युनियनला छळछावण्यांची. जाहीरनामा आधी आणि व्यवस्था मागाहून, असं ठरलं. मागाहून म्हणजे किती, ते पुढे येईलच.

जातीचा विषय तिथे निघाला होता का?

हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो, यायलाच हवा.

निघाला होता. भेदभाव कशाकशावरून करायचा नाही याची यादी दुसऱ्या कलमात आहे: वंश, रंग, लिंग, भाषा, धर्म, मतं, सामाजिक मूळ, मालमत्ता, जन्म. १९४८ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये या यादीवर वाद चालला असताना भारतीय शिष्टमंडळाने 'जन्म' या शब्दाऐवजी 'जात' हा शब्द सुचवला. पुढे, 'सामाजिक मूळ' आणि 'अन्य दर्जा' यांत सगळं येतं असं म्हणून आपणच तो आग्रह सोडला. तो शब्द त्या पानावर यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

त्याच दिवसांत दिल्लीत काय चाललं होतं पाहा. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं. आज ते कलम १७ आहे. पॅरिसच्या कागदात जो शब्द गळला, त्याच्या सगळ्यात क्रूर रूपावर दिल्लीत थेट बंदी आली, आणि तीही गुन्हा ठरवून.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची नजर युनोवर आधीपासून होती. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने युनोकडे निवेदन गेल्याचं त्यांनी वाचलं होतं. भारतातले अस्पृश्यही तसंच करण्याच्या विचारात आहेत, निवेदनाच्या प्रती मिळतील का, अशी विचारणा त्या पत्रात आहे. द्यु बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. दोन खंडांतली, एकमेकांना न भेटलेली दोन माणसं एकच गोष्ट शोधत होती: आपल्या देशात दाद लागत नाही, तर बाहेर लागेल का?

विषय तिथे संपला नाही. १९६५ च्या वंशभेदविरोधी करारात 'वंशपरंपरा' हा शब्द भारताच्याच सूचनेवरून आला. २००१ मध्ये दर्बानला भरलेल्या युनोच्या वंशभेदविरोधी परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न जगासमोर नेला आणि २००२ मध्ये करारावर देखरेख करणाऱ्या समितीने सांगितलं की या शब्दात जात येते. भारत सरकारला हा अर्थ मान्य नाही.

भारताने स्वतः युनोत कुणाविरुद्ध तक्रार केली होती का?

पहिल्याच वर्षी, आणि तीही स्वातंत्र्याआधी. दक्षिण आफ्रिकेने १९४६ मध्ये तिथल्या भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि राहण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. तो 'घेट्टो कायदा' म्हणूनच ओळखला जायचा. विजयालक्ष्मी पंडित यांनी हा विषय आमसभेत मांडला. दक्षिण आफ्रिकेने त्याच कडीवर बोट ठेवलं: हा आमचा अंतर्गत मामला. ८ डिसेंबर १९४६ ला ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी, दोन तृतीयांश बहुमताने, मंजूर झाला. सात देश तटस्थ राहिले. पंतप्रधान स्मट्स यांच्यासाठी ही मोठी नामुष्की होती, कारण युनोच्या सनदेच्या प्रास्ताविकात 'मूलभूत मानवी हक्क' हे शब्द आणण्यात त्यांचाच हात होता.

दक्षिण आफ्रिकेने ठरावाला भीक घातली नाही. पण 'अंतर्गत मामला' ही पळवाट बुजवायला तिथून सुरुवात झाली, आणि ती वसाहतीतून अजून पुरत्या न सुटलेल्या देशाने केली.

१० डिसेंबरला विरोधात कुणी मत दिलं?

कुणीच नाही. बाजूने ४८, विरोधात शून्य, तटस्थ ८. तटस्थ राहिले ते सोव्हिएत युनियन, युक्रेन, बेलोरशिया, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिकेचं कारण सांगायलाच नको. त्याच वर्षी मे महिन्यात तिथे वर्णभेदाचं उघड धोरण घेऊन नॅशनल पार्टी निवडून आली होती. भारत आणि पाकिस्तान दोघांनी बाजूने मत दिलं. पाकिस्तानच्या शाइस्ता इक्रामुल्ला यांनी विवाहातल्या समान हक्कांच्या कलमाची ठाम बाजू घेतली होती, हेही सांगायला हवं.

जाहीरनाम्यात आहे काय?

तीस कलमं, अर्ध्या तासात वाचून होतात. जीविताचा हक्क, गुलामगिरीला आणि छळाला बंदी, निःपक्ष खटला, आसरा मागण्याचा हक्क, विचार आणि अभिव्यक्ती, मतदान. मग काम, समान कामाला समान वेतन, विश्रांती, शिक्षण. आठवं कलम माझं आवडतं: हक्क तुडवला गेला तर देशातल्या न्यायालयाकडून परिणामकारक दाद मिळण्याचा हक्क. एकोणतिसावं कलम कर्तव्यांबद्दल आहे. युनेस्कोने १९४७ मध्ये मत विचारलं तेव्हा गांधीजींनी कळवलं होतं की निरक्षर पण शहाण्या आईकडून मी शिकलो, हक्क येतात ते नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून. आजकाल याचा उपयोग 'आधी कर्तव्य, मग बघू हक्काचं' असं सुनावण्यासाठी होतो. आयुष्यभर हक्कांसाठी तुरुंगात जाणाऱ्या माणसाच्या तोंडी हा अर्थ घालू नये.

हा कायदा आहे का? मोडला तर शिक्षा होते?

जाहीरनामा बंधनकारक करार नाही. त्याचे करार व्हायला अठरा वर्षं लागली, हेच ते 'मागाहून'. शीतयुद्धात हक्कांची वाटणी झाली. पश्चिमेकडचे देश नागरी-राजकीय हक्क उगाळत बसले आणि सोव्हिएत गट आर्थिक-सामाजिक. म्हणून १६ डिसेंबर १९६६ ला एकाऐवजी दोन करार निघाले आणि ते १९७६ मध्ये लागू झाले. भारत त्यांत १९७९ मध्ये सामील झाला, काही अटी राखून. युरोपने मात्र १९५० मध्येच आपला करार केला आणि पुढे माणसाला थेट जाता येईल असं न्यायालयही उभारलं.

आपल्या राज्यघटनेने हे हक्क तिथूनच घेतले का?

उचलले, असं म्हणणं चूक आहे. दोन्ही कागद एकाच वेळी घडत होते आणि हंसा मेहता दोन्हीकडे होत्या. तारखांचा एक योगायोग मला कधी विसरता येत नाही. ९ डिसेंबर १९४८, जाहीरनाम्याच्या आदल्या दिवशी, घटना समितीत आज ज्याला कलम ३२ म्हणतो त्यावर चर्चा चालू होती. मूलभूत हक्क डावलला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणारं हे कलम. बाबासाहेब म्हणाले की या घटनेतलं सगळ्यात महत्त्वाचं कलम कोणतं असं मला विचारलं, तर मी याच कलमाचं नाव घेईन, कारण ते घटनेचा आत्मा आणि हृदय आहे.

युनोत ज्या दाराला कडी घातली, ते दार आपल्या घरात उघडं ठेवलं गेलं. पुढे आणीबाणीत, १९७६ मध्ये, तेही बंद झालं असं सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना तेवढे एकटे विरोधात राहिले. २०१७ मध्ये न्यायालयाने तो जुना निकाल स्पष्टपणे रद्द ठरवला. आंतरराष्ट्रीय करारांचाही उपयोग झाला आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल देशात कायदा नव्हता, तेव्हा १९९७ च्या विशाखा निकालात न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले. आज दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक ऑफिसात तक्रार समिती असावी लागते ती त्यातूनच.

गोव्याचा यात कुठे संबंध येतो?

येतो, थोडक्यात सांगते. गोवा ही वसाहत नाही, पोर्तुगालचाच सागरापलीकडचा प्रांत आहे, असं सालाझार सरकारचं म्हणणं. पुन्हा तोच 'अंतर्गत मामला'. १५ डिसेंबर १९६० ला आमसभेने ठराव करून पोर्तुगालच्या ताब्यातल्या स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत गोव्याचं नाव घातलं. वर्षभराने, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला.

आज मी भारतातून जिनिव्हाला तक्रार करू शकते का?

अर्धवट. नागरी-राजकीय हक्कांच्या कराराला एक जोडकरार आहे, त्यावर सही करणाऱ्या देशांतल्या माणसाला जिनिव्हातल्या समितीकडे व्यक्तिशः जाता येतं. भारत त्यात नाही. छळविरोधी करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून पक्का केलेला नाही. उरतात ते युनोचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे छळ, अभिव्यक्ती, घरं अशा एकेका विषयासाठी नेमलेले तज्ज्ञ. त्यांना कुणीही लिहू शकतं आणि ते सरकारकडे विचारणा करतात. उत्तर देण्याची सक्ती नसते.

मग इथे काय करायचं?

मूलभूत हक्काचा प्रश्न असेल तर कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या जवळच्या खंडपीठाकडे जाता येतं. त्याशिवाय १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आहे आणि मुंबईत राज्याचा आयोग. हे आयोग शिफारस करतात, हुकूम देत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. पण पोलीस कोठडीतल्या मारहाणीसारख्या प्रकरणात नुकसानभरपाईची शिफारस त्यांनी अनेकदा केली आहे आणि ती मिळालीही आहे.

राष्ट्रीय आयोगाकडे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि अर्ज मराठीत चालतो. घटनेला एक वर्ष उलटून गेलं तर आयोग चौकशी करत नाही, म्हणून वाट पाहू नका. भावना कमी लिहा, तपशील जास्त. तुम्ही कोण, कुठे राहता किंवा काम करता, काय झालं, कुठल्या तारखेला, कुणी केलं, कारण काय सांगितलं. बर्नहाइमच्या अर्जातही हे होतं: अमुक दुकानात अमुक तारखेपासून कामाला होतो, ३० एप्रिलला काढलं, ज्यू आहे म्हणून काढलं.